मीठा पानी म्हणजे गोडं पाणी

प्रिय वहिनी,

काल दुबईत, देराच्या घरी तुझ्यासाठी सगळे जमले होते. तुझ्या हळदीकुंकवातल्या मैत्रिणी, आपल्या कॅम्पचा आचारी, दादाच्या ओळखीचे कॉन्ट्रॅक्टर, सायलीच्या शाळेतल्या बाई. हॉल पुरेना म्हणून मुलांना बेडरूममध्ये कोंबलं. टीव्हीवर तुझा फोटो ठेवला होता, तोही नेमका अर्धे डोळे मिटलेला! तुझा एक धड फोटो सापडला नाही गं. कॅमेरा दिसला की तू बोलायला लागायचीस, मग कसे येणार फोटो?

एकेकजण उठून बोलत होता. कुणी तुझ्या उकडीच्या मोदकांबद्दल, कुणी तू केलेल्या बाळंतपणांबद्दल. शेवटी दादा उठला. त्याला दोन वाक्यं नीट बोलता येईनात. मग त्याने घसा खाकरला आणि ती गोष्ट सांगायला घेतली. आमच्या दिगूचं ‘मीठा पानी’. हॉलभर हशा पिकला. रडणाऱ्या बायका पदराने डोळे पुसत हसल्या. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आणि वहिनी, मीही हसलो! तुझ्या फोटोसमोर बसून, मान खाली घालून हसलो. आज सकाळपासून अन्न गोड लागत नाहीये. म्हणून हे पत्र.

तुला सगळं ठाऊक आहे. तरी पहिल्यापासून सांगू दे. तसं केल्याशिवाय मी शेवटाला पोचणार नाही, माझा स्वभाव तुला माहीत आहे.

सत्त्याण्णव साली मी गुहागरहून इथे आलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात दादाने तेव्हा नुकताच लेबर कॅम्प चालवायला घेतला होता. दीडशे माणसांची राहायची सोय आणि त्यांचं किचन. मी त्याच्या ऑफिसात फोन उचलायला बसणार होतो. शारजा एअरपोर्टवर तू एकटीच न्यायला आलीस. गाडीत बसल्या बसल्या म्हणालीस, “दमलास का? नाही ना? मग आधी तुला आपली खाडी दाखवते.”

मला वाटलं, बाईला उन्हाने काहीतरी झालंय. वाळवंटात कसली खाडी?

पण होती की! इथले लोक तिला खोर म्हणतात. समुद्राचं पाणी आत शिरलेलं, काठाला तिवरांची दाटी, पाण्यावर उड्या मारणारे बोय मासे. तू चपला हातात घेऊन सरळ चिखलात उतरलीस. पाणी असं नितळ की तळातल्या कुर्लीचे पाय मोजावेत. “बघ, मी उगीच सांगत नव्हते,” असं म्हणून तू कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस. जणू खाडी तूच खणलीस!

तिथेच मला उम्म राशिद भेटली. सात-आठ खजुरीची झाडं, बकऱ्या आणि एक विहीर एवढा तिचा संसार. मुलं शहरात घरं बांधून गेलेली, ही मात्र हलायला तयार नाही. ती अरबीत बोलायची, तू मराठीत, आणि दोघी तासन्तास बोलायच्या! कशा गं? मला आजवर कळलेलं नाही. तिने वाडग्यातून पाणी दिलं आणि म्हणाली, “माय हिलू.” तू माझ्याकडे वळून ओरडलीस, “गोडं पाणी रे, दिगू! खाडीपासून हाकेच्या अंतरावर गोडं पाणी!”

मग तुझ्यातली बी.एस्सी. केमिस्ट्री जागी झाली. खालच्या खाऱ्या पाण्यावर गोडं पाणी सायीसारखं तरंगतं. साय पातळ असते. जास्त उपसलं की खालचं खारं वर येतं, म्हणून म्हातारी दिवसाला ठरलेल्याच बादल्या काढते. तू बोलत होतीस आणि मी झोपेने पेंगत होतो.

आता माझ्या हिंदीबद्दल. वहिनी, माझं हिंदी म्हणजे मराठीलाच मागे ‘है’ लावायचं. समोरच्या कॅफेटेरियातला मल्याळी रोज विचारायचा, “चाय में मीठा डालूँ?” चहात मीठ कोण घालतं? मी म्हणायचो, “बिलकुल नहीं!” तीन आठवडे बिनसाखरेचा चहा प्यालो आणि परदेशातला चहा असाच असणार म्हणून गप्प बसलो. तू या गोष्टीवर किती हसली होतीस! काल दादाने ही पण सांगितली.

कॅम्पला दोन टँकर लागायचे. एक प्यायचं पाणी आणायचा, दुसरा सेप्टिक टँक उपसून घाण पाणी सरकारी सांडपाण्याच्या प्लांटवर न्यायचा. दुसऱ्यावर शेरजमान. सहा फुटी पठाण, पण आवाज लहान मुलासारखा. प्लांटवर टँकरची ही मोठी रांग! अर्धा दिवस उभं राहायचं, तोवर इथे टाकी भरून वाहायला लागायची आणि दादा ऑफिस डोक्यावर घ्यायचा.

अशाच एका दुपारी पेट्रोल पंपावरून शेरजमानचा फोन आला. “साब, लाइन बहुत है, आज नंबर नहीं आएगा. इदर खजूर के पीछे खड्डा है, मगर पास में मीठा पानी है. क्या करूँ?”

मला काय ऐकू आलं? मीठ. मिठाचं पाणी. म्हणजे समुद्र! मी साहेबासारखा म्हणालो, “मीठा है ना? तो फिर क्या! डाल दो!”

त्याने पुन्हा विचारलं, “पक्का, साब?”

“पक्का. यल्ला, चलो!”

एवढी झाली ती गंमत. आता पुढचं.

त्यानंतर तीनेक आठवडे गेले असतील. तू ऑफिसात आलीस ती हातात स्टीलचं ताट घेऊन. मला वाटलं, जेवण. टेबलावर ठेवलंस तर ताटात कढीपत्त्याच्या डहाळ्या. काही वाळून काळ्याकुट्ट झालेल्या, काही ओल्या, अजून हिरवट. वास असा की दादा खुर्चीसकट मागे सरकला.

तुझा आवाज चढला नव्हता, म्हणूनच मी घाबरलो. तू सांगितलंस की उम्म राशिदच्या बकऱ्या पाण्याला तोंड लावत नाहीत. नातू सुट्टीला आला होता, त्याचं पोट असं बिघडलं की दवाखान्यात न्यावं लागलं. विहिरीला वास येतोय. म्हणून तू झाडांच्या मागे जाऊन बघितलंस, तर तिथे खड्डा, वाळू काळी पडलेली, आणि हे.

“पानं न खुडता अख्खी डहाळी कढईत टाकणारा आचारी या गावात एकच आहे,” तू म्हणालीस. “हे आपल्या घरातलं आहे.”

दादाने शेरजमानला बोलावून घेतलं आणि दारातच ओरडला, “तेरा व्हिसा कॅन्सल. खलास!” शेरजमान भिंतीला टेकून उभा. मोठे मोठे हात कुठे ठेवावे ते त्याला कळेना. तू मध्ये पडलीस. “आधी विचारा, त्याला हो कोण म्हणालं.”

मग मला बोलावंच लागलं. मिठाचं पाणी, समुद्र, डाल दो, सगळं. दादा माझ्याकडे बघतच राहिला आणि एकदम फुटला. टेबलावर हात आपटून हसला. “अरे गाढवा, मीठा म्हणजे गोड! गोड!” आरडाओरडा ऐकून दारात आलेला आचारी हसला, मीही सुटल्यासारखा हसलो.

तू हसली नाहीस. एवढंच विचारलंस, “आणि समजा खारं असतं, तर टाकायचं होतं?”

खरं सांगू? हा प्रश्न काल दादाने गोष्टीत सांगितला नाही. कुणीच कधी सांगत नाही.

दादाने शेरजमानला विचारलं, “कितनी बार डाला?” शेरजमानने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “एक बार, साब.”

दुसऱ्या दिवशी तू दादाला ओढत उम्म राशिदकडे घेऊन गेलीस. कंपनीची चूक, ड्रायव्हरची चूक, असलं काही नाही. छातीवर हात ठेवून म्हणालीस, “हे आम्ही केलं.” खुणांनी, मोडक्या अरबीत, कसंही. म्हातारीने ऐकून घेतलं आणि उठून बकऱ्यांकडे गेली. त्या दिवशी तिने खजूर पुढे केला नाही. घरी येऊन तू किचनच्या ओट्याला धरून रडलीस. तुला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पण रडून झाल्यावर तू जे काही केलंस! वहिनी, कुठून आणलंस गं एवढं बळ?

आधी खड्ड्यातली काळी वाळू खणून काढायला लावलीस. प्यायच्या पाण्याचा टँकर रोज आधी उम्म राशिदकडे, मग कॅम्पवर. विहीर बेताबेताने उपसायची, चुना टाकायचा, पुन्हा थांबायचं. घाई केली की खारं वर येईल, ही तुझी भीती. शाळेतल्या बाईंकडून टेस्ट ट्यूब आणि काय काय बाटल्या मागून आणल्यास. आपल्या फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी विहिरीच्या पाण्याच्या बाटल्या! सायली वैतागायची, “आई, धिस इज सो ग्रोस!” तू म्हणायचीस, “ग्रोस आपण केलंय, बाळा.”

महिन्याभरात विहिरीचा वास गेला. दादा म्हणाला, झालं, सुटलो. तू त्याला हाताला धरून खाडीवर नेलंस. खड्ड्याच्या बाजूचं पाणी हिरवंगार झालं होतं. मी म्हटलं, हिरवं तर चांगलं की! तेव्हा जे समजावलंस ते मला आजही तोंडपाठ आहे. “वास गेला तरी खत राहतं, दिगू. आपलं सांडपाणी, भाताची पेज, कपड्याचा साबण, सगळं मिळून पाण्याला खत होतं. शेताला खत दिलं तर भात येतो, खाडीला दिलं तर शेवाळ माजतं. शेवाळ मेलं की कुजतं, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं. मग हे बिचारे गुदमरतात.” आणि बोट दाखवलंस. काठाला चार-पाच बोय पोट वर करून तरंगत होते.

मग किचनवर धाड! मोरीला जाळी बसली, तेल अडवायची टाकी बसली. पेज गटारात ओतायची बंद, ती बकऱ्यांना जायला लागली. आचाऱ्याला दहा वेळा ओरडलीस. शेवटी तो चोरून डहाळी टाकायचा आणि वाढायच्या आधी काढून घ्यायचा.

आणि टँकर! टँकर खरोखर प्लांटपर्यंत जातो की नाही हे बघायला तू स्वतः केबिनमध्ये चढलीस. पंजाबी ड्रेस, ओढणी, मांडीवर डबा, आणि घाणीच्या टँकरमधून निघालेली माझी वहिनी! दादाने कपाळावर हात मारला. “लोक काय म्हणतील?” तू म्हणालीस, “म्हणतील, बाईला ड्रायव्हिंग येत नाही.” रांगेतले ड्रायव्हर आधी बघतच राहिले. आठवड्याभरात ते तुला ‘बाजी’, म्हणजे ताई, म्हणायला लागले. तुझ्यासाठी सावलीतली जागा सोडायला लागले.

पण तुझी खरी कमाल हळदीकुंकवाला झाली. आपल्यासारखे इतरही होते, रांग टाळून वाळवंटात टँकर रिकामे करणारे. तू त्या कॉन्ट्रॅक्टरांशी एक शब्द बोलली नाहीस. त्यांच्या बायकांना वाण दिलंस आणि सांगितलंस की तुमचे यजमान काय करतात ते जरा त्यांनाच विचारा. पंधरा दिवसांत सगळ्यांचे टँकर प्लांटवर! दादा चिडून म्हणाला, “तुझ्यामुळे रांग दुप्पट झाली!” तू इतकी खूश झालीस की त्या दिवशी श्रीखंड केलंस.

आता जे सांगायचं आहे ते.

तुझ्या तिसऱ्या की चौथ्या फेरीला मला बरोबर घेतलंस. रांगेत उभे होतो. त्या वासात तू डबा उघडून माझ्या हातावर पोळीभाजी ठेवलीस. मी म्हटलं, “कशी जेवतेस गं इथे?” म्हणालीस, “नाक बंद, तोंड चालू.” मी हसलो. मग पुढे बघत, अगदी साध्या आवाजात तू म्हणालीस, “वाळून काळी झालेली डहाळी आणि ओली डहाळी एकाच दिवशी पडत नाहीत, दिगंबरराव.”

मी हातातला घास खाली ठेवला. रागावलीस की तू मला दिगंबरराव म्हणायचीस.

हो वहिनी. पहिल्या वेळी मला खरंच कळलं नव्हतं. पण मधल्या काळात त्या मल्याळ्याने एकदा मला साखरेचा डबा दाखवून सांगितलं, “मीठा! शुगर, शुगर!” त्या क्षणी शेरजमानचा फोन आठवला. उम्म राशिदच्या हातचं ते पाणी आठवलं. मी कुणाला सांगितलं? कुणाला नाही. नंतर पुन्हा एकदा टाकी भरून वाहायला लागली, दादा आरडाओरडा करत होता, आणि फोन वाजला. “साब, आज भी लाइन है. वही मीठा पानी के पास?” मला सगळं माहीत होतं. आणि मी म्हणालो, “हाँ. जल्दी.”

ही माझी हिंदीची चूक नव्हती गं. ही माझी चूक होती. त्या पोराचं पोट त्यानंतर बिघडलं.

तू ओरडली मात्र नाहीस. शेरजमान शेजारीच होता, मराठी न कळणारा, काचेतून समोर बघत बसलेला. तू म्हणालीस, “पहिल्या वेळचं सगळ्यांना कळलंय. दुसऱ्या वेळचं मी कुणाला सांगत फिरणार नाही. ते तुझं तू सांग. दादाला आणि उम्म राशिदला.” मी म्हटलं, सांगतो. तू डब्याचं झाकण लावलंस.

आणि मी सांगितलं नाही. आधी दादाच्या रागाची भीती. मग वाटलं, विहीर सुधारतेय, आता कशाला? मग माझं लग्न झालं, आणि लग्नातही दादाने ‘मीठा पानी’ सांगून सासरच्यांना हसवलं. गमतीच्या आड लपायला किती सोपं असतं! लोक आपल्यावर प्रेमाने हसतात आणि आपण आत सडत असतो.

वर्ष उलटून गेल्यावर विहिरीचं पाणी तुझ्या सगळ्या बाटल्यांमध्ये पास झालं. उम्म राशिदने बुरख्याखालून आधी स्वतः घोट घेतला, जिभेवर घोळवला, आणि वाडगा भरून पुढे केला. तुला नव्हे, मला! “मिस्कीन,” म्हणाली. बिचारा. भाषा न कळल्यामुळे चुकलेलं बिचारं पोर. तू माझ्याकडे पाहिलंस. मी वाडगा तोंडाला लावला आणि पिऊन टाकला. पाणी गोड होतं, वहिनी. आजवर इतकं जड काही गिळलं नाही.

त्यानंतर तू एकदाही विचारलं नाहीस. हॉस्पिटलमध्ये मी रोज येऊन बसायचो, आज विचारशील, उद्या विचारशील. तू विचारायचीस, “खाडीत बोय दिसले का रे?” मी सांगायचो, खूप दिसले. तुझा चेहरा खुलायचा. जरा ओरडायचं होतंस गं माझ्यावर! कान पिळायचा होता! एवढा विश्वास कशाला टाकलास माझ्यासारख्यावर?

इथे पत्र थांबवलं होतं. उठलो आणि दादाच्या खोलीत गेलो.

तो तुझं कपाट उघडून नुसताच उभा होता. मी दारातूनच सांगून टाकलं, एका दमात, फोन, दुसरी वेळ, सगळं. तो वळला नाही. म्हणाला, “मला माहीत आहे.”

“कधीपासून?”

“तेव्हापासून. शेरजमानने तुझ्याकडे पाहिलं तेव्हाच मला कळलं. पण तिने मला शपथ घातली, म्हणाली, तू विचारायचं नाहीस, तो आपण होऊन येईल.”

“मग काल ती गोष्ट कशाला सांगितलीस, दादा? सगळ्यांसमोर?”

“म्हटलं, आज तरी उठशील.” मग कपाटाचं दार लावून पलंगावर बसला. “ती वाट बघत होती रे, दिगू. जरा आधी यायचं होतंस.”

मी त्याच्या शेजारी बसलो. आम्ही दोघं रडलो, पण त्याने माझा खांदा सोडला नाही. ते तुझ्याचमुळे, हे मला ठाऊक आहे.

आता वचन देतो. तुझ्यासमोर द्यायला हवं होतं, पण उशीर करणं माझ्या रक्तातच आहे. येत्या शुक्रवारी मी उम्म राशिदकडे जाणार आहे. दादा येणार आहे. शेरजमानलाही नेणार आहे, माझ्यासाठी तो खोटं बोलला, ते ओझं त्याच्यावर कशाला? सायलीही येतेय. तिला मगाशी विचारलं, अरबीत ‘एकदा’ कसं म्हणतात आणि ‘दोनदा’ कसं. ती म्हणाली, “वन्स इज मर्रा, ट्वाइस इज मर्रतेन. व्हाय, काका?” मी तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. मग तिने मला तो शब्द नीट म्हणायला शिकवला, चार वेळा म्हणून घेतला.

म्हातारी मला हाकलून देईल कदाचित. देऊ दे. यावेळी हिंदीत नाही, खुणांनी नाही, तिच्याच भाषेत सांगेन, तिला स्वच्छ कळेल असं.

मर्रतेन, वहिनी. दोनदा.

तुझा,
दिगू